शिवभोजन थाळी, मार्केट यार्ड परिसर : दहा रोख, चाळीस उधार

दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची एक मूद. १० रुपयांत एवढं ताट आजच्या पुण्यात शोधून सापडायचं नाही, आणि राज्य सरकारच्या शिवभोजन योजनेतल्या, मार्केट यार्डाजवळच्या ज्या केंद्राबद्दल मी लिहितोय तिथे ते चांगलं मिळतं, हे आधीच सांगून टाकतो. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. त्यांची सरकारकडची बिलं अडकलेली आहेत, आणि माझ्या लिहिण्यावरून केंद्र चालवणाऱ्या बायकांना कुणी जाब विचारावा अशी माझी इच्छा नाही. यार्डातल्या कुठल्याही हमालाला विचारा, हात करून दाखवेल.

मी भुसार बाजारात एका गाळ्यावर दिवाणजी आहे. तांदूळ, डाळी, थोडाफार गूळ असा आमचा माल. रोजमेळ, उधारीची खतावणी आणि जीएसटीचे कागद माझ्याकडे. दुपारचा डबा मी घरून आणतो. डबा नसला तर केंद्रावर जातो, पण रांग ओसरल्यावर, दोन वाजायच्या बेतात. ताटं उरलेली असली तरच बसतो. ही थाळी ज्यांच्यासाठी आहे त्यांचं पोट आधी भरावं.

जेवणाबद्दल. वरण तुरीचंच असतं. हिंग, हळद, कधी गुळाचा खडा. अशा स्वस्त ठिकाणी वरण म्हणजे पिवळं पाणी असतं ही लोकांची धारणा इथे टिकत नाही. वाटी कलती केली की तळाला डाळ बसलेली दिसते. भाजी बाजारावर ठरते. कोबीची आवक दणकून झाली की कोबी, दुधी स्वस्त झाला की दुधी, आणि सगळंच महागलं की बटाटा. भाजी आणणारी ताई सकाळच्या लिलावाला जातच नाही. लिलाव उरकला, मोठे खरेदीदार टेम्पो भरून गेले की मागे राहिलेल्या मालाचा भाव उतरतो, तेव्हा ती फिरते. माल शिळा नसतो, फक्त थोडा लहानमोठा असतो. चिरल्यावर काय फरक पडतो?

तांदळाबद्दल मात्र मला जास्त बोलायचा हक्क आहे. कोलम नाही. जाडसर साधाच दाणा, पण जुना. नवा तांदूळ स्वस्त पडतो म्हणून पुष्कळ खानावळी तो घेतात आणि मग भाताचा गोळा होतो. इथे मूद वाटीने दाबून काढली तरी ताटात पडल्यावर दाणा सुटा होतो. १० रुपयांच्या ताटासाठी जुना तांदूळ निवडणारं माणूस मनापासून रांधतंय हे मला तेवढ्यावरून कळलं.

कमी काय पडतं तर चपात्या. नियमाने एक चपाती ३० ग्रॅमची, म्हणजे दोन मिळून ६०. बाकीचं मापही ठरलेलं: भाजी १०० ग्रॅम, वरण १०० ग्रॅम, भात १५० ग्रॅम. ऑफिसात बसणाऱ्या माणसाला एवढं पुरतं. सकाळपासून पन्नास-पन्नास किलोची पोती पाठीवर वाहिलेल्या माणसाला नाही पुरत. म्हणून आमच्याकडचे बरेच हमाल घरून ज्वारीच्या भाकरी फडक्यात बांधून आणतात आणि थाळीतल्या भाजी-वरणाशी खातात. केंद्रावरच्या बायका त्याला हरकत घेत नाहीत, उलट वरणाचा डाव जरा सैल सोडतात. आमच्या गाळ्यावरचे एक वयस्कर मामा मला म्हणाले, "दिवाणजी, भाकर माझी, कालवण सरकारचं. दोघांचं मिळून पोट भरतं." बिबवेवाडीतल्या अप्पर इंदिरानगरातून चालत येणारा माणूस आहे हा. बाहेर साध्या राइसप्लेटला शंभराच्या आसपास मोजावे लागतात. रोजचे हे वाचलेले ८०-९० रुपये महिन्याला दोन-अडीच हजारांवर जातात. त्यातून त्यांचं वीजबिल भरलं जातं, नातीच्या वह्या येतात, आणि तो सगळा खर्च बिबवेवाडीतल्याच दुकानांत होतो.

स्वच्छता चांगली. ताटं स्टीलची, धुऊन उपडी घातलेली. पाणी जारचं. बसायला बाकं आहेत, पण साडेबारा ते एक या वेळात उभं राहूनच जेवायची तयारी ठेवा. ताट हातात पडण्याआधी मोबाइलवर तुमचा फोटो काढतात आणि नाव टाकतात. त्या फोटोशिवाय थाळी हिशेबात धरली जात नाही. नेटवर्क गेलं की रांग खोळंबते. फोटोच्या वेळी पदर सावरणाऱ्या, केस बोटांनी चापून बसवणाऱ्या कांदा निवडणाऱ्या बायका पाहिल्या की मला वाटतं, त्या क्षणभर रांगेतल्या गरजू नसतात, फोटोला उभ्या राहिलेल्या असतात. राज्यात ठिकठिकाणी बोगस थाळ्या दाखवल्याच्या तक्रारी झाल्या, मग सीसीटीव्हीची सक्ती आली. ते योग्यच झालं. सार्वजनिक पैशाचा हिशेब कडक असलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच आहे की तो दोन्ही बाजूंनी कडक असावा.

आता त्या हिशेबाकडे येतो, कारण मला खरं लिहायचंय ते याबद्दल.

२६ जानेवारी २०२० ला ही योजना सुरू झाली. ताटाची किंमत शहरात ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरली गेली. जेवणारा १० देतो. शहरात उरलेले ४० आणि गावाकडे २५ सरकार केंद्राला देणार, असा करार. लॉकडाऊन लागला तेव्हा जेवणाऱ्याचा दर ५ रुपयांवर आणला, आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने थाळी मोफतच होती. यार्डात त्या दिवसांत हॉटेलं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, पण शहराला धान्य-भाजी पुरवायची म्हणून हमाल मात्र कामावर. तेव्हा ही थाळी नसती तर शहराचा बाजार चालवणारी माणसं उपाशी राबली असती. या योजनेबद्दल माझ्या मनात जी आपुलकी आहे ती तेव्हापासूनची.

केंद्र चालवणाऱ्या ताईंनी एकदा त्यांची वही माझ्यापुढे ठेवली. "दिवाणजी, जरा बघा ना, मला वाटतं माझंच कुठेतरी चुकतंय." बचत गटाच्या बाई, सातवी शिकलेल्या, आणि वही अशी स्वच्छ की आमच्या काही आडत्यांनी शिकावं. शंभर थाळ्यांना तांदूळ साडेपाच किलो, तूरडाळ दोन किलो, कणीक साडेचार किलो, भाजी दहा-अकरा किलो, तेल किलोभर, वर मसाला, मीठ, गूळ. सगळा माल धरून ताटामागे १३ रुपये. गॅस ४. रांधणाऱ्या-वाढणाऱ्या चौघींची मजुरी १६. जागेचं भाडं ५. पाणी, साबण, वीज, मोबाइल मिळून २. बेरीज ४०. हातात १० राहतात, भाजी कडाडली की ५-६. चूक कुठेच नव्हती. शंभर थाळ्यांचं केंद्र सचोटीने चालवलं तर गटाला महिन्याकाठी वीस-पंचवीस हजार सुटतील असा हा धंदा आहे. कागदावर.

आता हाच हिशेब रोखीने मांडा. शंभर थाळ्यांचे गल्ल्यात रोज १,००० रुपये पडतात. रोजचा खर्च ४,०००. म्हणजे रोज ३,००० रुपये कुठून तरी उभे करायचे, सरकारचे पैसे येतील या भरवशावर. महिन्याचे ९०,०००. पैसे महिन्याने आले तर ओढाताण होते पण निभतं. २०२५ साली राज्यभरातल्या केंद्रचालकांची बिलं महिनोन् महिने थकली, त्यांनी आंदोलनं केली, वर्तमानपत्रांत ते आलंच. चार महिने थकले तर एका केंद्रावर ३ लाख ६० हजारांचा बोजा. कुठलीही बँक ज्या गटाला विनातारण एवढी रक्कम देताना दहा कागद मागेल, तो गट हे पैसे सरकारला बिनव्याजी वापरायला देऊन बसलेला असतो.

हे पैसे येतात कुठून ते मी दाखवतो, कारण वाटेत माझी खतावणी लागते. गॅस एजन्सी उधार देत नाही. सिलिंडर उतरवला की पैसे. भाजी रोखीची. जागामालक महिना-दोन महिने थांबतो, मग तोंड फिरवतो. किराणा दुकानदार ओळखीवर देतो, तर तांदूळ-डाळ त्याच्याकडून उधार. आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती चौघींच्या मजुरीला. "ताई, निम्मे आत्ता घ्या, बिल आलं की उरलेले देते." त्या चौघी यार्डाच्या आसपासच्या वस्तीत राहतात. त्यांची निम्मी मजुरी अडकली म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या दुकानदाराची उधारी वाढली, भिशीचा हप्ता चुकला, मुलाच्या क्लासची फी पुढे ढकलली.

इकडे किराणा दुकानदार आमच्या गाळ्यावर येतो. "केंद्राचे पैसे आले की देतो, दिवाणजी." त्याचं येणं माझ्या वहीत पुढच्या पानावर जातं. माझ्या मालकाला लातूरच्या डाळमिलचे पैसे द्यायचे असतात. तो मिलवाल्याला फोन लावतो आणि आठ दिवस मागून घेतो. मंत्रालयात एक फाइल थांबली की तिचा धक्का मार्केट यार्डातून लातूरपर्यंत जातो, आणि वाटेतला प्रत्येक जण आपल्या खालच्याला थांबवतो. सगळ्यात खाली कोण, तर कणीक मळणारी बाई. तिला पुढे थांबवायला कुणी नाही.

सरकार खर्च करतं म्हणजे काय होतं हे मोठमोठ्या आकड्यांत सांगतात. एका ताटात ते डोळ्यांनी दिसतं. सरकारच्या ४० रुपयांपैकी १६ त्या बायकांच्या हातात, १३ बाजारात, ५ जागामालकाला. हे पैसे पुन्हा याच शहरात फिरतात. हमालाचे वाचलेले रुपये वेगळे. वेळेवर आलेले ४० रुपये शहरात दोन-तीन हात तरी फिरतात, असं मी माझ्या वहीवरून छातीठोकपणे म्हणेन. आणि तेच ४० रुपये सहा महिन्यांनी आले तर मधल्या काळात शहरच सरकारला उधार देत राहतं, तेही शहरातले सगळ्यात गरीब लोक.

कराची बाजू बघा. शंभर थाळ्या, ५० रुपये, ३६५ दिवस: वर्षाची उलाढाल १८ लाख २५ हजार. जीएसटी नोंदणीची मर्यादा अशा सेवेला २० लाखांची. म्हणजे केंद्राला नोंदणी लागत नाही, ठीक. पण नोंदणी नाही म्हणून खरेदीवर भरलेला कर परतही मिळत नाही. व्यावसायिक सिलिंडरवर १८ टक्के जीएसटी आहे. घरगुती सिलिंडरवर ५. गरिबाला जेवू घालणारं केंद्र १८वालाच सिलिंडर वापरणार, कारण कायद्याने तोच वापरायचा, आणि तो कर थेट ताटाच्या किमतीत जिरतो. सरकार एका हाताने ४० देतं आणि त्यातलेच काही पैसे दुसऱ्या हाताने गॅसवर वसूल करतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्टीलच्या भांड्यांवरचा कर १२ वरून ५ वर आला, चांगलं झालं, पण ताट काही रोज विकत घेत नाहीत. गॅस रोज जळतो.

धान्याचंही सांगतो. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर, डाळीवर, पिठावर ५ टक्के कर लागला. त्याआधी बाजारात बंद पाळला गेला होता. त्यावर बाजाराने काय केलं? २६ आणि ३० किलोच्या गोण्या आल्या, कारण २५ च्या वर कर नाही. घाऊक खरेदीदाराला त्याचा त्रास झाला नाही. पण आठवड्यापुरतं पाच-दहा किलो पॅकबंद घेणाऱ्या गटाला तो ५ टक्के लागू होतो. मी ताईंना सांगितलं, दोन केंद्रं मिळून मोठी गोणी घ्या आणि वाटून घ्या. आता तसंच करतात. दर किलोमागे दोन-तीन रुपये सुटतात, आणि शंभर ताटांना त्यालाही किंमत आहे.

सगळ्यात जास्त मला खटकतं ते तारखेचं. माझ्या मालकाचं जीएसटीचं महिन्याचं विवरण २० तारखेपर्यंत गेलं पाहिजे. उशीर झाला तर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, शिवाय दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क. २० तारीख चुकू नये म्हणून मी रात्री दहापर्यंत गाळ्यावर बसलेलो आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कर वेळेवर भरलाच पाहिजे. १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरातही नियम आला: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं देणं करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत दिलं नाही, तर तो खर्च पैसे प्रत्यक्ष देऊ त्याच वर्षी वजा धरला जातो. लहान माणसाचे पैसे कुणी अडकवू नयेत म्हणून केलेला हा नियम मला मनापासून पटतो. मग तोच न्याय सरकारने स्वतःला लावावा. शिवभोजनाचं बिल ४५ दिवसांत गेलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचं व्याज केंद्राला मिळावं, १८ टक्के नको, बँकेच्या बचत खात्याएवढं तरी. थकबाकीवर व्याज चढायला लागलं की फाइल हलते, हे आम्ही बाजारातले लोक अनुभवाने जाणतो.

यात पुणे महानगरपालिका कुठे आहे, असं कुणी विचारेल. शहरातल्या माणसाच्या जेवणाची काळजी शहराने का घेऊ नये? चेन्नईत घेतली. तिथे २०१३ साली महापालिकेनेच अम्मा उणवगम ही स्वस्त उपाहारगृहं सुरू केली, इडली १ रुपयाला, सांबारभात ५ ला, दहीभात ३ ला, आणि तोटा महापालिका सोसते. बेंगळुरूत २०१७ पासून इंदिरा कँटीन आहेत, नाश्ता ५ रुपये, जेवण १०. आमच्याकडे सगळा भार राज्याच्या तिजोरीवर, आणि त्यामागे करांचा इतिहास आहे.

पुण्यात ३१ मार्च २०१३ पर्यंत जकात होती, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर. नाक्यावर ट्रक तासन् तास उभे राहायचे, पावतीवरून वाद व्हायचे, आणि तो त्रास आम्ही भुसारवाल्यांनी पुरेपूर भोगलाय. जकात गेली याचं मला दुःख नाही. पण जकातीचा पैसा थेट शहराच्या तिजोरीत पडायचा, आजचा आज. मग एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांनी कडकडीत बंद पाळले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तोही संपला. बदल्यात राज्य सरकार महापालिकांना नुकसानभरपाई देतं, दरवर्षी ८ टक्के वाढीव. हा कायदा चांगला आहे, मुंबईपासून सगळ्या महापालिका त्यावर उभ्या आहेत. पण शहराचा सगळ्यात मोठा स्वतःचा कर आता मंत्रालयातून धनादेशाच्या रूपाने येतो. ज्याच्या हाती धनादेश त्याच्या हाती निर्णय. बाजारात उलाढाल वाढली तर जकातीच्या दिवसांत शहराचं उत्पन्न त्याच महिन्यात वाढायचं. आता शहर वाढो की थांबो, भरपाई आपली ठरल्या वाढीने येणार. मग बाजारातल्या कष्टकऱ्याला जेवू घालणं यात महापालिकेला स्वतःचा फायदा दिसावा कसा? मला वाटतं, भरपाईतला एक छोटा हिस्सा महापालिकेने अशा केंद्रांसाठी राखून ठेवावा आणि राज्याचे पैसे येईपर्यंत केंद्रांना उचल द्यावी. चार महिन्यांची उचल म्हणजे केंद्रामागे साडेतीन लाख. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावर याहून जास्त जातात.

राज्याकडे पैसे नाहीत, हे उत्तर मी मान्य करत नाही. २०२५-२६ चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. दिवसाला २ लाख थाळ्यांचं लक्ष्य धरा, शहर आणि गाव मिळून सरासरी ३५ रुपये अनुदान धरा, तर वर्षाचे अडीचशे कोटींच्या आसपास होतात. शंभर रुपयांत चार पैसेसुद्धा नाहीत. लाडकी बहीण योजनेला त्याच अर्थसंकल्पात ३६ हजार कोटी होते. त्या योजनेच्या मी विरोधात नाही. महिन्याचे १,५०० रुपये जमा झाले की आमच्या किराणावाल्यांकडची गर्दी मी पाहिली आहे, आणि केंद्रावरच्या चौघींनाही ते मिळतात. पण ज्या बहिणीच्या खात्यात दीड हजार टाकले, तिचीच कष्टाची मजुरी दुसऱ्या खात्याच्या थकबाकीत अडकली, तर एकूण तिच्या हातात काय उरलं?

वय झालेल्या लोकांना झुणका-भाकर केंद्रं आठवत असतील. १९९५ साली १ रुपयाला झुणका-भाकर. चौकाचौकात स्टॉल उभे राहिले, अनुदान थांबलं, आणि मग त्याच स्टॉलांवर वडापाव आणि चायनीज विकलं जाऊ लागलं. मला भीती वाटते ती याची. अनुदानाच्या योजनेला नुसता शुभारंभ पुरत नाही, दर महिन्याचा हप्ता पुरतो. याच्या उलट उदाहरण पुण्यातच आहे. हमाल पंचायतीने, म्हणजे हमालांच्या संघटनेने, १९७४ साली सुरू केलेली 'कष्टाची भाकर'. ना नफा ना तोटा. दर १० रुपये नाही, खर्च निघेल एवढा ठेवतात, आणि पन्नास वर्षं चुली पेटलेल्या आहेत. ज्याला दहापेक्षा जास्त परवडतं त्याने तिथे जेवावं, असं मी सगळ्यांना सांगतो. पण ज्या माणसाला आज काम मिळालं नाही, त्याला खर्च निघेल एवढा दरही झेपत नाही. त्याच्यासाठी सरकारचे ४० रुपये हवेतच.

आणखी एक मागणी. ५० रुपये हा आकडा २०२० साली ठरला. तेव्हाची तूरडाळ, तेव्हाचं तेल आणि तेव्हाची मजुरी आज राहिलेली नाही. आमचे हमाली-तोलाईचे दरसुद्धा ठरावीक काळाने चर्चा करून वाढतात. थाळीचा दर त्याच पद्धतीने दोन वर्षांनी तपासायला काय हरकत आहे? तसं झालं नाही तर कुठे तरी कपात होणार. आज ताई वरणात डाळ घालतात ती स्वतःच्या मिळकतीतून. हे किती दिवस चालेल?

गुण द्यायचे तर चवीला पाचपैकी चार, स्वच्छतेला चार, वाढणाऱ्यांच्या वागण्याला पाच. एकदा एका हमालाकडे सुट्टे नव्हते, तर ताई म्हणाल्या, "काका, आधी जेवा, पैसे उद्या द्या." ज्या बाईचे स्वतःचे लाखो रुपये येणे आहेत तिचं हे बोलणं. वेळेवर पैसे देण्याबद्दल सरकारला मी गुण देत नाही, थकबाकी चुकती झाली की देईन.

जायचं असेल तर वेळ दुपारी १२ ते २. रविवारी बाजार जोरात असतो, तेव्हा साडेबाराच्या आत पोहोचा, नाहीतर ताटं संपतात. शनिवारी फळ-भाजीपाला विभाग बंद असतो, गर्दी कमी, निवांत बसून जेवता येतं. पार्सल मिळत नाही. सरकारी नोकरीत असाल तर नियमाने ही थाळी तुमच्यासाठी नाही. सुट्टे १० रुपये न्या. आणि खिशात जास्त असतील तर दुसऱ्याचं ताट अडवण्यापेक्षा ताईंच्या किराणावाल्याकडे जा, केंद्राच्या खात्यावर पाच-दहा किलो तांदळाचे पैसे जमा करा आणि पावती घ्या. दुकान कोणतं ते ताई सांगतील. ती रक्कम वहीत चढते की नाही हे बघायला मी आहे.